आई म्हणते ‘मला सगळं दिसतं’. तिची नजर कमी होतेय हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की आई ६३ वर्षांच्या आहेत, गावी एकट्या असतात, मधुमेह आहे, वाचायचा चष्मा आहे. डोळ्यांचं विचारलं की ‘सगळं दिसतं’ म्हणून विषय बंद करतात, पण गेल्या खेपेला तुम्हाला काहीतरी खटकलं. मी एका ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून काम करते. त्यांच्या वयाची माणसं रोज माझ्यासमोर बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आई तुमच्यापासून काही लपवत असतील असं नाही. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचं काम आपल्या अंगावर घेतो आणि माणसाला फरक कळतच नाही. आम्ही तपासताना चांगला डोळा झाकला की ‘अगं बाई, या डोळ्यानं काहीच दिसत नाहीये’ असं पहिल्यांदा उमगणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात. त्यामुळे ‘नीट दिसतं का?’ या प्रश्नाचं उत्तर बाजूला ठेवा आणि एकेक डोळा झाकून बघा.

घरातलं कालनिर्णय पुरेसं आहे. दिवसाच्या उजेडात १० फुटांवर आईंना बसवा, वाचायचा चष्मा काढायला सांगा, एक डोळा तळहाताने झाकू द्या. डोळा दाबायचा नाही, आणि बोटांच्या फटीतून बघणं चालू नाही ना तेही बघा. तारखांचे आकडे वाचायला लावा, मग दुसरा डोळा. नंतर चष्मा लावून दीड-दोन विती अंतरावर तारखांखालची बारीक अक्षरं, पुन्हा एकेका डोळ्याने. किती वाचलं यापेक्षा दोन डोळ्यांत फरक किती पडला हे महत्त्वाचं. शेजारी बसून तुम्हीही वाचा, म्हणजे अंतर आणि उजेड ठीक आहे की नाही ते कळेल.

एखाद्या डोळ्याने आकडे अंधूक दिसले तर जाड कागदाला साधारण १ मिलिमीटरचं भोक पाडा आणि त्याच डोळ्याने त्या भोकातून तेच आकडे वाचायला लावा. एकदम स्पष्ट दिसले तर बहुतेक दूरच्या चष्म्याचा नंबर आलाय. भोकातूनही फरक पडला नाही, तर अडचण बहुधा मोतीबिंदूत, डोळ्याच्या मागच्या पडद्यात किंवा डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत आहे, आणि दुकानातून नवा चष्मा आणून ती सुटणार नाही. आम्हीही दवाखान्यात याच तत्त्वाची चाचणी करतो.

आता रोजच्या वागण्याकडे या. खरं तर नजर उतरायला लागल्याची पहिली खूण तिथेच दिसते. माणूस तक्रार करायच्या आधी सवयी बदलतो. तांदूळ निवडताना ताट दारात, उन्हाकडे न्यायला लागतो. सुईत दोरा ओवायला नातवंडाला हाक मारतो. चहा कपात ओतताना थोडा बशीत जातो, कारण दोन डोळ्यांची नजर सारखी नसली की खोलीचा अंदाज चुकतो. जिना उतरताना शेवटची पायरी पायाने चाचपली जाते. एसटीची पाटी वाचण्याऐवजी ‘ही कुठली गाडी?’ असं शेजारच्याला विचारलं जातं. ओळखीचं माणूस समोरून येतं आणि हाक ऐकू आल्यावरच ओळख पटते. गावात याला ‘हल्ली ओळख दाखवत नाही’ असं म्हणतात, आणि बिचाऱ्या बाईला दिसलेलंच नसतं. रोज पेपर वाचणारी व्यक्ती ‘कंटाळा येतो’ म्हणून वाचन सोडते, तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी डोळ्यांची शंका येते.

निळी साडी आणि काळी साडी यांत गोंधळ होतोय का, तेही बघा. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा रंग आधी मार खातो. हे इतकं हळूहळू होतं की कळत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पट्टी निघाली की कितीतरी जण ‘आभाळ एवढं निळं होतं होय!’ म्हणतात. मोतीबिंदूची आणखी एक खूण म्हणजे रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकलेले दिसणं. एक प्रकार असाही आहे ज्यात भर उन्हात कमी आणि संध्याकाळी बरं दिसतं. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी बरीच वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्यांमध्ये तो जास्त आढळतो.

एका खुणेवर मात्र घरचे लोक पेढे वाटायचे बाकी ठेवतात. चाळिशीपासून वाचायला चष्मा लागणारी बाई साठीनंतर अचानक चष्म्याशिवाय पोथी वाचायला लागते. ‘आईची नजर परत आली!’ नजर परत आलेली नसते. मोतीबिंदूमुळे भिंगाचा गाभा घट्ट होतो, त्याची ताकद वाढते आणि जवळचं स्पष्ट दिसायला लागतं, पण दूरचं बिघडतं. काही महिन्यांनी हे वाचनही जातं. आईंनी अलीकडे वाचायचा चष्मा बाजूला ठेवला असेल तर तीच तपासणीची वेळ समजा.

आणि आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते. मोतीबिंदू उशिरा लक्षात आला तरी बहुतेकांची नजर ऑपरेशनने परत मिळते. काचबिंदूत, म्हणजे डोळ्याची नस हळूहळू खराब होण्याच्या आजारात, गेलेली नजर परत मिळत नाही. त्यात कडेचं दिसणं आधी जातं आणि मधलं शेवटपर्यंत शाबूत राहू शकतं, म्हणजे तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणाऱ्यालाही तो असू शकतो. काळा डाग दिसत नाही, बहुतेक वेळा दुखतही नाही. मेंदू रिकामी जागा आपल्या मनाने भरून काढतो. बाहेरून दिसलंच तर एवढंच, की चौकटीला खांदा लागतो, जमिनीवरच्या कळशीला पाय लागतो, बाजूने कुणी आलं की दचकायला होतं. म्हणून कालनिर्णय छान वाचलं की निर्धास्त होऊ नका. डोळ्याचा दाब आणि नस तपासायलाच हवी.

मधुमेहाचंही तसंच. पडद्यावर रक्तस्रावाचे ठिपके पडायला लागले तरी नजर बराच काळ उत्तम राहते. आईंचा मधुमेह उतारवयातला असेल, तर निदान झालं तेव्हापासून दरवर्षी बाहुली मोठी करायचे थेंब घालून पडदा तपासायचा असतो, तक्रार असो वा नसो. साखर वरखाली झाली की चष्म्याचा नंबरही बदलतो, म्हणून साखर आटोक्यात येऊन काही आठवडे स्थिर राहीपर्यंत नवा चष्मा करू नका.

काही गोष्टींत मात्र ‘पुढच्या सुट्टीत बघू’ चालत नाही. फरशीचे सांधे किंवा खिडकीचे गज एका डोळ्याने वाकडे दिसत असतील तर दोन-चार दिवसांत दाखवा. अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस, विजेसारखी चमक किंवा कडेने पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी. डोळा लाल, प्रचंड दुखतोय, उलट्या होताहेत आणि दिव्याभोवती रंगीत वलय दिसतंय, तरी त्याच दिवशी. एका डोळ्याची नजर काही मिनिटं पूर्ण जाऊन परत आली, तर ती अर्धांगवायूची पूर्वसूचना असू शकते. तेव्हा डोळ्यांच्या तारखेची वाट न बघता थेट मोठ्या दवाखान्यात न्या.

डोळ्यांतून पाणी येणं, खुपणं, पापण्यांची उघडझाप केल्यावर अंधूकपणा जाणं हा बहुतेक वेळा कोरडेपणा असतो. त्याने एवढं घाबरायचं कारण नाही.

तपासणीला जाताना जुने चष्मे आणि चालू औषधं, डोळ्यांत घालायचे थेंबसुद्धा, सोबत न्या. दाब, नस आणि पडदा तिन्ही बघा असं स्पष्ट सांगा. थेंब घातल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही, म्हणून आईंना एकट्या पाठवू नका. जिल्हा रुग्णालयात ही तपासणी होते आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं. शेजारपाजारचे ‘मोतीबिंदू पिकू द्या’ म्हणतील. पूर्वीच्या ऑपरेशनला ते लागायचं, आता लागत नाही. उलट फार पिकला की भिंग कडक होऊन ऑपरेशन अवघड होतं, शिवाय डोळ्याचा दाब वाढून नस कायमची खराब होऊ शकते.

तपासणीत काचबिंदू निघालाच, तर घरी आल्यावर तुम्ही आणि तुमची सख्खी भावंडंही डोळे दाखवून घ्या. आई-वडील किंवा भावंडांत काचबिंदू असला की धोका कितीतरी पट वाढतो, आणि चाळिशीतच पकडला तर रोजच्या थेंबांवर बहुतेकांची नजर टिकते.