रुग्णाचं गाव कुठलं? तीनदा विचारा

प्रश्न : आमचं गाव खानापूर तालुक्यात. तापाचे रुग्ण कुणी बेळगावला नेतं, कुणी चंदगड-कोल्हापूरला. तिकडे डेंगी निघाला तरी इथल्या आशाताईंना पत्ताच नसतो. आम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी सीमेच्या दोन्हीकडे चालेल अशी संगणक प्रणाली करतोय. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : 'गाव' या रकान्यापासून. आरोग्याची आकडेवारी सांभाळण्यात माझी सारी नोकरी गेली. सर्वाधिक घोळ याच रकान्यात पाहिले. खानापूर तालुका बेळगावात आहे तसा सांगलीतही आहे. त्यात कानडी, मराठी, इंग्रजी लिहिण्याच्या तऱ्हा वेगळ्या. म्हणून नाव टाइप करायला लावूच नका. केंद्राच्या एलजीडी (लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी) या गावांच्या यादीत प्रत्येक गावाला क्रमांक आहे, तो साठवा. पडद्यावर नाव दोन्ही भाषांत दिसू दे.

आणि ठिकाणं तीन घ्या : रुग्ण राहतो कुठे, तपासणी कुठे झाली, आजार लागला असावा कुठे. तिसरं हमखास राहून जातं, आणि आपल्या भागात तेच मोलाचं. गोचिडीतून पसरणारा माकडताप 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यात प्रथम सापडला. 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात त्याची साथ आली. गोचीड चावल्यावर ताप यायला साधारण 3 ते 8 दिवस लागतात. काजूच्या बागेत मजुरीला गेलेली बाई तोवर घरी परतलेली असते. तिच्या गावात गोचिडी शोधून काय हाती लागणार? खबर बागेच्या गावाला गेली पाहिजे. डेंगीत बहुधा उलटं : तपासणी कोल्हापूरला, पण पाणी साठवलेली पिंपं तपासायची तुमच्या गावात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, तेव्हा खबर त्याच दिवशी निघू दे. ताप सुरू झाल्याची तारीख वेगळी नोंदवा. डेंगीची एनएस1 ही रक्तचाचणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांतच भरवशाची.

तुमच्या तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडे रेंज नसते. नोंद फोनमध्येच साठावी आणि तिथेच तिला स्वतंत्र क्रमांक मिळावा, म्हणजे दोनदा पाठवली तरी रुग्ण एकच मोजला जाईल. साथींच्या नोंदी ठेवणारं सरकारचं आयएचआयपी हे संकेतस्थळ 2021 पासून देशभर आहे. त्याच्याशी स्पर्धा नको. आयुष्मान भारत डिजिटल मिशनने स्वीकारलेला एफएचआयआर (आरोग्याच्या नोंदी एका प्रणालीतून दुसरीत पाठवण्याचा ठरलेला नमुना) हा साचा धरलात, तर पुढे जोडणं सोपं जाईल.

रुग्णाचं नाव मात्र त्याच्या गावची आशाताई आणि डॉक्टर यांनाच दिसू दे. पलीकडच्या कचेरीला गावाचा क्रमांक, तारीख आणि चाचणी एवढं पुरतं. आजाराची बातमी गावभर झाल्यामुळे ठरलेलं लग्न मोडलेलं मी पाहिलंय. ही सोय पहिल्या दिवसापासून करा, नंतर जोडू म्हणून ठेवू नका.