वाचकांचे प्रश्न: एक्स-रेमुळे साळुंकीच्या पिल्लाची वाढ खुंटली का?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही ठाण्यात कोपरीला राहतो. आमच्या खिडकीवरच्या एसीमागे साळुंकीचं घरटं होतं, त्यातून एक पिल्लू खाली पडलं. पाय दुखावलाय असं वाटलं म्हणून व्हेटकडे नेलं, त्यांनी दोन एक्स-रे काढले, फ्रॅक्चर नव्हतं. आता आठ दिवस झाले तरी पंख वाढत नाहीयेत, पिसं नळ्यांसारखीच राहिलीत आणि पायही वाकडे वाटतात. सासूबाई म्हणतात एक्स-रेने वाढ खुंटली. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातानंतर तिथल्या पक्ष्यांचं काय झालं ते वाचलं होतं म्हणून मलाही भीती वाटतेय. घरात लहान मूल आहे, पिल्लाला हात लावला तर चालेल ना? सध्या दूध-पाव आणि वरण-भात देतोय.

उत्तर: आधी बाळाचं सांगते. एक्स-रे मशीन बंद झालं की किरणं संपली, पिल्लाच्या अंगात काही उरत नाही, त्यामुळे त्याच्यातून बाळाकडे किरणं जायचा प्रश्नच नाही. फक्त पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, तो नियम कुठल्याही पक्ष्यासाठी.

आता वाढीचं. सासूबाईंची शंका अगदीच हवेतली नाहीये. पिल्लाचं शरीर म्हणजे रात्रंदिवस पेशी दुप्पट होण्याचं काम, आणि ज्या पेशी भराभर विभागतात त्यांनाच रेडिएशनचा फटका जास्त बसतो, कारण डीएनए तुटला तर तो सांधायला पेशीला वेळच मिळत नाही. पिसाचं मूळ ही तशीच घाईची जागा. कॅनडात मॅनिटोबा प्रांतातल्या पिनावाजवळ 1980 च्या दशकात ट्री स्वॅलो नावाच्या पाकोळीसारख्या पक्ष्याच्या पिल्लांना मुद्दाम गॅमा किरणं (एक्स-रेच्याच जातीची, पण जास्त ताकदीची) दिली होती, तर त्यांची वाढ मंदावली, पंखांची पिसंही आखूड राहिली.

पण तिथले डोस ग्रेमध्ये मोजायचे, ग्रे म्हणजे शरीरात किती रेडिएशन शोषलं गेलं ते मोजायचं एकक. एक ग्रे म्हणजे हजार मिलिग्रे, आणि तुमच्या पिल्लाचा एक एक्स-रे एका मिलिग्रेच्याही आतला. माणसाच्या छातीच्या एक्स-रेत साधारण 0.1 मिलिसिव्हर्ट (माणसासाठीचं माप, एक्स-रेपुरतं मिलिग्रेइतकंच समजा) मिळतात आणि निसर्गातूनच आपल्याला जगभरच्या सरासरीने वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे एक एक्स-रे म्हणजे पंधरा-एक दिवसांचं नेहमीचं रेडिएशन. दोन एक्स-रेने पंख थांबत नाहीत. उलट एक्स-रे काढलात हे फार बरं केलंत.

चेर्नोबिलची गोष्ट वेगळी. 26 एप्रिल 1986 च्या अपघातानंतर तिथली माती वर्षानुवर्षं दूषित राहिली, म्हणजे अंडं, पिल्लू, आई-बाप सगळेच सतत त्यात. मोलर आणि मूसो या दोन संशोधकांना तिथल्या माळभिंगरी नावाच्या पक्ष्यांमध्ये मधूनच पांढरी पिसं दिसली, आणि 2011 मध्ये त्यांच्या टीमने 48 जातींच्या 550 पक्ष्यांवरून जिथे जास्त रेडिएशन तिथे पक्ष्यांचा मेंदू सरासरी 5 टक्के लहान असं मांडलं. त्यांच्या निष्कर्षांवर वाद आहेत, पण मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते, जास्त रेडिएशनच्या जागी त्यांना फुलपाखरं, नाकतोडे, कोळी कमी सापडले. मग किरणांनी पिल्लाला थेट काही केलं नाही तरी आई-बाप चोचीत आणणार काय?

आणि इथेच तुमच्या पिल्लाचा खरा त्रास आहे हो. साळुंकी पिल्लांना मुख्यतः किडे भरवते. पक्ष्यांना दूध पचत नाही, आणि पाव-भातात ना पुरेसं प्रोटीन ना कॅल्शियम. प्रोटीन नाही म्हणून नळ्या फुटून पिसं उलगडत नाहीत, कॅल्शियम नाही म्हणून हाडं मऊ पडून पाय वाकतात. पंख हलकेच पसरून उजेडासमोर धरा, उलगडलेल्या पिसात आडवी फिकट रेघ दिसली तर पीस वाढत असतानाच उपासमार किंवा ताण झालाय असं समजा.

आज लगेच दूध-पाव बंद करा. उकडलेलं अंडं कुस्करून त्यात अंड्याच्या टरफलाची बारीक पूड, किंवा भिजवलेलं कॅट फूड, दिवसा दर अर्ध्या-पाऊण तासाला थोडं थोडं द्या. चोचीत वरून पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. हे फक्त तात्पुरतं, वन विभागाच्या 1926 वर फोन करून रेस्क्यूवाल्यांकडे पिल्लू सोपवा कारण जंगली पक्षी घरात ठेवता येत नाही, आणि वाकलेल्या पायांवर जितका उशीर तितकं ते सरळ होणं कठीण. प्लीज उद्यावर टाकू नका.

प्रश्न: नेरुळला आमच्या समोरच्या बिल्डिंगवर मोबाइल टॉवर आहे. चिमण्यांची पिल्लं त्यानेच मरतात का?

उत्तर: टॉवरच्या लहरी वेगळ्या जातीच्या, डीएनए तोडण्याइतकी ताकद त्यांच्यात नसते, म्हणून एक्स-रे किंवा गॅमा किरणांच्या रांगेत त्यांना बसवू नका. शिवाय भारतात 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या लहरींच्या ताकदीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. चिमणी मोठेपणी दाणे खाते, पण पिल्लांना किडे-अळ्याच भरवते, ते कमी पडले की पिल्लं उपाशी राहतात, आणि काचेच्या गुळगुळीत बिल्डिंगमध्ये घरट्याला भोक मिळत नाही ते वेगळंच. तुम्ही गॅलरीतल्या कुंड्यांवर कीटकनाशक मारत असाल तर या सीझनला थांबवून बघा, जास्वंदीवरचे मावा किडे चिमणी टिपून नेते.