बिझनेस प्लॅन 200 चा, अपलोड मात्र 20 वरच अडकतंय. कंपनीशी भांडू की कनेक्शन बदलू?

नाशकात कॉलेज रोडला तुमचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ, 200 एमबीपीएसचा बिझनेस प्लॅन, डाउनलोड ठणठणीत, पण अपलोड 20 च्या पुढे सरकत नाही आणि कंपनीवाला म्हणतो ‘प्लॅनच तसा आहे’. तो बहुधा खरंच बोलतोय. जाहिरातीतला ठळक आकडा डाउनलोडचा असतो. जानेवारी 2023 मध्ये सरकारनं ब्रॉडबँडसाठी किमान 2 एमबीपीएसची अट घातली, तीही डाउनलोडचीच.

मी नाशकात छोट्या ऑफिसांचं नेटवर्किंग बघतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून ड्रॉइंग पाठवणाऱ्यांचं दुखणंही हेच.

20 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 20 मेगाबिट, फाइलच्या हिशोबात जेमतेम अडीच एमबी (8 बिटांचा एक बाइट). एका लग्नाचं 60 जीबी फुटेज चढायला पावणेसात तास, तेही लाइन मधेच गेली नाही तर. क्लायंट इंदिरानगरचा असेल तर सरळ हार्डडिस्क नेऊन द्या, चहा पिऊन परत याल.

भांडायच्या आधी लॅपटॉपला लॅन केबल लावून स्पीड मोजा, सकाळी, संध्याकाळी आणि रात्री उशिरा. वायफायवरचा आकडा कंपनी मानत नाही, मानूही नये. तिन्ही वेळा 20 च्या आसपास आलं तर ती प्लॅनची मर्यादा. रात्री 20 आणि संध्याकाळी 6 आलं, तर लाइनवर गर्दी आहे. घरोघरी येणारं फायबर साधारण जीपॉन असतं: एका फायबरवर 32 किंवा 64 कनेक्शनं, खाली यायला सगळ्यांत मिळून अडीच गीगाबिट, वर जायला त्याच्या निम्मंच. अशा वेळी स्क्रीनशॉट काढा, तक्रार नोंदवून तिचा डॉकेट नंबर (नोंदणी क्रमांक) घ्या आणि दाद मिळाली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2012 च्या नियमांत ही सोय आहे.

मर्यादा प्लॅनचीच असेल तर ‘300 चा घ्या’ या सल्ल्याला भुलू नका. फक्त विचारा, ‘अपलोड किती? मेलवर लिहून द्या.’ दोन्हीकडे सारखा स्पीड देणारा प्लॅन मिळतो का बघा. लीज्ड लाइनमध्ये (फक्त तुमच्यासाठी राखलेल्या लाइनमध्ये) तो मिळतोच, पण भाडं कितीतरी पट. फक्त लग्नसराईत लोड येणाऱ्या स्टुडिओला मी तरी ती घ्यायला सांगणार नाही.

तोवर आहे त्यात भागवायचं तर अपलोडला लगाम तुम्हीच घाला. अपलोड पूर्ण भरलं की बाहेर जाणारं सगळंच रांगेत अडकतं, तुमचा आवाजही आणि डाउनलोडच्या पोचपावत्याही (डेटा पोचल्याचे निरोप), म्हणून बॅकअप सुरू झाला की डाउनलोड मंदावतं आणि व्हॉट्सॲप कॉलसुद्धा तुटू शकतो. गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप ॲपमध्ये अपलोडची मर्यादा घालता येते. दिवसा ती 8-10 एमबीपीएसवर ठेवा (ॲप केबीपीएसमध्ये विचारतं की एमबीपीएसमध्ये, ते नीट बघा), रात्री काढून टाका. राउटरमध्ये एसक्यूएम (रांग लांबू न देता ट्रॅफिक वाटून देणारी सोय) असेल तर अपलोड 17-18 वर बांधा, मग दिवसाही फारसा त्रास होत नाही. कंपनीनं दिलेल्या डब्यात ते सहसा नसतं. त्याला ब्रिज मोडला टाकून (म्हणजे त्यानं फक्त लाइन पुढे द्यायची) मागे स्वतःचा राउटर लावावा लागतो.

तुमच्या राउटरचं मॉडेल सांगा, सेटिंग कुठे सापडेल ते सांगतो.