मुंबई–न्यूयॉर्क: जाताना सोळा तास, येताना चौदा का?

प्रश्न: मुलाकडे न्यू जर्सीला जायचं आहे. मुंबई–न्यूयॉर्क अंतर एके ठिकाणी साडेबारा हजार दिसतं, दुसरीकडे ६,७७०. विमान ताशी ९०० किलोमीटर जातं, म्हणजे १४ तास. पण तिकिटावर जाताना १६ तास १५ मिनिटं आणि येताना १४ तास २० मिनिटं आहेत. खरं काय धरायचं? — एक वाचक, सातारा

उत्तर: दोन्ही अंतरं खरी आहेत. ६,७७० हे सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणून सुमारे १२,५३० किलोमीटर.

हे अंतर गोलावरचं, सर्वांत जवळचं. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघाच. भिंतीवरच्या नकाशावरून वाटतं तसा तो अरबी समुद्रावरून पश्चिमेला जात नाही. पाकिस्तान, अफगाणिस्तान, पश्चिम कझाकस्तान, रशिया, स्वीडन-नॉर्वे असा उत्तरेला चढत आइसलँडजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत पोचतो आणि ग्रीनलंडच्या टोकाखालून न्यूयॉर्ककडे उतरतो.

विमानाला हा दोरा सहसा मिळत नाही. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. अमेरिकी कंपन्यांना रशियाची हद्द २०२२ पासून बंद आहे. वळशाचे ७०० किलोमीटर धरा, म्हणजे १३,२३० झाले.

आता वारा. विमानाच्या उंचीवर जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात अधिक जोराने. जाताना तो समोरून येतो. वाटेतला सरासरी वारा ताशी ६० किलोमीटर धरला तर जमिनीच्या तुलनेत वेग जाताना ८४० आणि येताना ९६० पडतो. भागाकार केला की पावणेसोळा तास आणि पावणेचौदा तास येतात. तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते, म्हणून धावपट्टीपर्यंतची चाल आणि चढउतार यांचा अर्धा तास वाढवा. तुमचे आकडे जवळजवळ जुळतात. चूक एवढीच, की ९०० हा भोवतालच्या हवेच्या तुलनेतला वेग होता.

प्रश्न: मुंबई–न्यूयॉर्कच्या याच तिकिटावर निघणं १० जानेवारी, पहाटे २, पोचणं १० जानेवारी, सकाळी ७.४५. छपाईची चूक का? — एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. पहाटे २ मध्ये १६ तास १५ मिनिटं मिळवली की भारतात संध्याकाळचे सव्वासहा. जानेवारीत न्यूयॉर्क साडेदहा तास मागे, म्हणून तिथे पावणेआठ. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हा फरक साडेनऊ तासांचा होतो.

घोटाळा होतो तो निघायच्या तारखेत. पहाटे २ चं विमान १० तारखेचं असलं तरी विमानतळावर ९ तारखेच्या रात्री १० वाजताच पोचायचं असतं. न्यायला येणाऱ्या गाडीवाल्यालाही ९ तारीखच सांगा.