‘रिफिफी’ या फ्रेंच दरोडापटातला संवादांविना असलेला अर्ध्या तासाचा चोरीचा प्रसंग वगळून चित्रपट पाहिला तर चालेल का?

चालणार नाही. तुम्ही लिहिले आहे की हा चित्रपट लोकलच्या प्रवासात मोबाइलवर पाहायचा आहे, चोरीच्या भागात कोणी बोलतच नसल्यामुळे ऐकण्यासारखे काही नाही, आणि यानंतर कोणता फ्रेंच दरोडापट पाहावा हेही सांगावे. यातल्या ‘ऐकण्यासारखे काही नाही’ या वाक्याशी माझा जुना वाद आहे.

आमच्या गावात एक लहानसे चित्रपट मंडळ होते आणि शाळेच्या सभागृहात आम्ही महिन्यातून एकदा चित्रपट दाखवत असू. ‘रिफिफी’ निवडण्याचा आग्रह माझा होता. मे महिन्याचे दिवस होते, तरीही आवाज नीट ऐकू यावा म्हणून पंखे बंद ठेवायचे असे आधी ठरले होते आणि प्रेक्षकही सबटायटल्स वाचत शांत बसले होते. पडद्यावर टोनी आणि त्याचे साथीदार जवाहिऱ्याच्या दुकानावरच्या घरात शिरले, बोलणे थांबले, आणि आमच्या कार्यवाहांनी उठून भिंतीवरची सगळी बटणे दाबली. आता संवाद नाहीत, लोकांना जरा वारा लागू दे, असे ते मागच्या रांगेकडे पाहून मोठ्याने म्हणाले. जुने पंखे घरघरू लागले, पाठोपाठ चहाचे पेले फिरू लागले आणि गप्पा सुरू झाल्या. मी जाऊन पंखे बंद केले, त्यांनी ते पुन्हा लावले; शेवटी मी पंखे बंद करून त्या बटणांसमोरच उभी राहिले आणि प्रसंग संपेपर्यंत तिथून हलले नाही. पुढच्या बैठकीत त्यांनी माझ्या वागण्याबद्दल नाराजी नोंदवली आणि वर असेही म्हणाले की त्या अर्ध्या तासात कथा एक पाऊलही पुढे सरकत नाही, ती नुसती कारागिरी आहे.

हे मत मला तेव्हाही मान्य नव्हते, आजही नाही. दुकानातला अलार्म जरा हादरा बसला तरी वाजेल असा आहे, म्हणून तसाच अलार्म मिळवून या चौघांनी आधी सराव केला आहे आणि अग्निशामक नळकांड्यातला फेस आत भरला की तो गप्प होतो हे शोधून काढले आहे. पण त्या अलार्मपर्यंत पोहोचायचे तर आधी वरच्या घराची जमीन फोडायला हवी. तिला लहानसे भोक पाडून त्यातून मिटलेली छत्री खाली सोडतात, ती खालच्या बाजूला उघडतात, आणि मग भोक मोठे करताना सुटणारा चुना-मातीचा चुरा दुकानाच्या फरशीवर न पडता त्या छत्रीत साठत जातो. मध्येच घरातल्या पियानोच्या पट्टीला चुकून धक्का लागतो आणि एक सूर वाजतो, तेव्हा चौघेही जागच्या जागी थिजतात. या प्रसंगात धोका म्हणजेच आवाज, त्यामुळे पंख्याच्या किंवा लोकलच्या खडखडाटात तो पाहणे म्हणजे त्यातला धोकाच काढून टाकणे होय. संगीतकार झॉर्झ ओरिक यांनी या भागासाठी पार्श्वसंगीत लिहिले होते. दिग्दर्शक ज्यूल्स दासँ यांनी तो त्यांना संगीतासह आणि संगीताविना असा दोन्ही प्रकारे दाखवला, आणि संगीत नको हे स्वतः ओरिक यांनीच मान्य केले.

राहिला कथा पुढे सरकण्याचा मुद्दा. चोरी निर्विघ्न पार पडते; चौघांचा घात होतो तो नंतर. तिजोरी फोडण्यात तरबेज असलेला सेझार चोरीतली एक अंगठी नाइट क्लबमधल्या गायिकेला देतो, त्यावरून प्रतिस्पर्धी टोळीला सुगावा लागतो, आणि तिच्या तावडीत सापडल्यावर तो आपला साथीदार मारिओ याचे नाव सांगतो. मारिओ आणि त्याची बायको इडा जिवाला मुकतात, पण टोनीला दगा देत नाहीत. जी माणसे अर्धा तास एक शब्दही न उच्चारता एकमेकांच्या भरवशावर काम करताना आपण पाहिली, त्यांच्यापैकीच एक जण तोंड उघडतो, आणि टोनी त्याला गोळी घालतो ती त्याच अपराधासाठी. तो अर्धा तास वगळला तर सेझारचा गुन्हा आपल्याला कळेल, पण त्याचे ओझे जाणवणार नाही.

सेझारची भूमिका खुद्द दासँ यांनी पेर्लो व्हिता या नावाने केली आहे. ते अमेरिकन होते. 1951 साली हॉलिवूडमधल्याच सहकाऱ्यांनी कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे कम्युनिस्ट म्हणून त्यांचे नाव घेतले, ते काळ्या यादीत गेले आणि काही वर्षे त्यांना काम मिळाले नाही. त्यानंतर पॅरिसमध्ये तुटपुंज्या पैशांत केलेला हा चित्रपट, आणि त्यासाठी 1955 साली त्यांना कान महोत्सवात दिग्दर्शनाचे पारितोषिक विभागून मिळाले. ज्या दिग्दर्शकाच्या आयुष्याची घडी इतरांनी नावे सांगितल्यामुळे विस्कटली, त्याने नाव सांगणाऱ्याची भूमिका स्वतःकडे घेतली. याला ‘नुसती कारागिरी’ म्हणणे मला तरी जमत नाही.

एक सांगायचे राहिले. सुरुवातीला टोनी आपल्या जुन्या मैत्रिणीला, मादोला, पट्ट्याने मारतो. मार पडद्यावर दिसत नसला तरी तो प्रसंग आज पाहवत नाही आणि मी त्याचे समर्थन करणार नाही. ऑगुस्त ल ब्रेतों यांच्या मूळ कादंबरीचे मला कौतुक नाही. चोरीला तिथे फार थोडी जागा आहे.

मोबाइलवर पाहायचाच असेल तर रात्री घरी, चांगले हेडफोन लावून पाहा. त्यानंतर झाँ-पिएर मेलव्हिल यांचा 1970 चा ‘ल सेर्क्ल रूझ’ पाहा. त्यातही चोरीचा मोठा भाग जवळजवळ संवादांविना आहे, तेव्हा तोही लोकलमध्ये पाहू नका.