ग्रामीण कॉलेजात कॅल्क्युलसपासून न्यूमरिकल अ‍ॅनालिसिस, मॉडेलिंगपर्यंत सगळं एकट्यानेच शिकवायचंय आणि मुलं नुसती पाठ करतात. काय करावं?

सगळे पेपर एकट्याच्या अंगावर पडलेत, याला तुम्ही अडचण म्हणता. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातही बहुतेक ठिकाणी गणित विभाग म्हणजे एक-दोन माणसंच. पण यात एक सोय आहे: पहिल्या वर्षाला घेतलेलं उदाहरण तिसऱ्या वर्षापर्यंत चालवता येतं.

मी शेततळं घेतो. वरचं तोंड ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंना एकास एक उतार, म्हणजे तळ २४ बाय २४. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं सगळ्यात मोठं माप हेच होतं, त्यामुळे वर्गात समजावून सांगावं लागत नाही. पाणी किती मावेल? मुलं तोंडाच्या आणि तळाच्या क्षेत्रफळांची सरासरी काढून ३ ने गुणतात: २२१४ घनमीटर. इंटिग्रेशन केलं की २१९६. फरक १८ घनमीटरचा, म्हणजे १८ हजार लिटर. हे पाणी कुठून आलं, यावर अख्खा तास गेला तरी जाऊ द्या. खोलीनुसार क्षेत्रफळाचा आलेख काढला की दिसतं, दोन टोकं जोडणारी रेघ वक्राच्या वरून जाते. दोन टोकांची सरासरी घेण्याची ही रीत म्हणजेच ट्रॅपेझॉइडल रूल. मग त्याचं एररचं (चुकीचं माप सांगणारं) सूत्र लावा: तीनचा घन, भागिले १२, गुणिले दुसरं डेरिव्हेटिव्ह ८. बरोब्बर १८! आता मधल्या खोलीचं क्षेत्रफळ ७२९ घेऊन त्याला चारपट वजन दिलं की सिम्पसनचा नियम (दोन टोकांसोबत मधला बिंदूही धरणारा) एका दमात २१९६ देतो.

इथे मागच्या बाकावरून हमखास येतं, “सर, इंटिग्रेशननं बराबर उत्तर येते, तं मंग हे कायले?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मॉडेलिंगच्या पेपरात आहे. बाष्पीभवन पृष्ठभागाच्या प्रमाणात होतं असं धरा. मग तळ्याचा आकार कसाही असो, पातळी सारख्याच वेगाने उतरते. मुलांना हे पटत नाही. पटेपर्यंत फळ्यावर भांडू द्या. त्यात खोलीच्या प्रमाणात झिरपणं जोडलं तरी समीकरण हाताने सुटतं. पण डिसेंबरचं ऊन आणि मे महिन्याचं ऊन एक नाही. बाष्पीभवनाचा दर रोज वेगळा, नुसता तक्त्यातला आकडा म्हणून आला, की तयार सूत्र संपलं. तिथे एक-एक दिवसाची पायरी धरून ऑयलरची पद्धत, म्हणजे आजच्या पातळीवरून आणि दरावरून उद्याची पातळी काढायची, मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये. लॅबची वीज गेली तरी हे अडत नाही.

न्यूटन-रॅफसनला, म्हणजे अंदाज सुधारत सुधारत समीकरणाचं उत्तर गाठायच्या पद्धतीला, एवढं मोठं उदाहरण नको. २ चं वर्गमूळ, सुरुवात १ पासून: १.५, १.४१६७, १.४१४२१६. बरोबर आलेले अंक दर वेळी साधारण दुप्पट होतात. मग सुरुवात शून्यापासून करायला सांगा आणि भागाकार का अडला, ते त्यांनाच शोधू द्या.

सिद्धता गाळू नका, पेपरात त्या येतात आणि गुणही त्यांनाच असतात. फक्त एररचा आकडा पाहून झाल्यावर घ्या. एप्सिलॉन म्हणजे किती चूक चालेल ते, हे तोवर मुलांच्या अंगवळणी पडलेलं असतं. शिकवा वऱ्हाडीत खुशाल. फळ्यावरच्या व्याख्या तेवढ्या इंग्रजीत लिहा, कारण पेपर इंग्रजीतच सोडवायचा असतो.