नॅरोबोट (कॅनॉलवरची लांब, अरुंद बोट) पहिल्यांदाच भाड्याने घेताय ना, मग एवढं वाचा

इंग्लंडच्या कॅनॉलवरचे जुने बोटवाले नवख्यांना तुटक वाटू शकतात, पण तसं नाहीये, तुम्ही बोट कशी चालवता ते आधी बघतात आणि मग बोलतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बांधून ठेवलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन एकदम हळू करा. कमाल वेग ताशी 4 मैल असला तरी तिथे तोही जास्त होतो, दोर ताणले जातात, आत कोणीतरी चहा ओतत असतं. नवखे इथेच चुकतात आणि मग ओरडा खातात.

गप्पा खऱ्या लॉकवर होतात, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या कुंडापाशी. मदत जरूर करा, पण बोटवाल्याने खूण केल्याशिवाय पॅडल (लॉकमधलं पाणी सोडायची झडप) उघडू नका, बोट आत असताना पाणी घाईत सोडलं तर खरंच धोका असतो. नवीन आहे म्हणून सरळ सांगा, लोक आनंदाने शिकवतात.

आणि हो, बोट हेच त्यांचं घर आहे, खिडकीतून डोकावू नका, ‘थंडीत गारठत नाही का’ हे त्यांना रोज कोणीतरी विचारतं, त्यापेक्षा पुढे पाणी भरायचा नळ कुठे आहे ते विचारा, अर्धा तास सहज जाईल!